मुका खांब

सुशीलाबाई रिसबुडांना सुना फार आवडत, फक्त त्या दुसऱ्यांच्या असाव्या लागत. खालच्या मजल्यावरच्या सुनेला त्यांनी लोणचं घालायला शिकवलं होतं, समोरच्या इमारतीतल्या सुनेचं निम्मं बाळंतपण त्यांनीच काढलं होतं. स्वतःच्या घरात सून येणार म्हटल्यावर मात्र बाईंचं पित्त खवळलं. आणि सून तरी कशी? मुलाने, शौनकने, परस्पर जमवलेली, यवतमाळची, हिंजवडीला नोकरी करणारी, दारातून शिरताना "मी आली काकू" म्हणणारी.

"आले," सुशीलाबाई म्हणाल्या.

"अय्या, तुम्ही कुठे गेल्या होत्या?"

"मी कुठे जाते! 'मी आले' असं म्हणतात. 'आली' म्हणायचं ते शेजारणीबद्दल."

सृष्टी मनापासून हसली आणि पुढच्या रविवारी पुन्हा "मी आली काकू" म्हणत आत शिरली. तिला टोमणा लागतच नसे. सुशीलाबाईंना हे सहन होईना. शिवी दिली असती तर बाईंनी तिचं काहीतरी केलं असतं, पण टोमणा मारावा आणि समोरच्या पोरीने "काकू, तुम्ही ना, एकदम भारी बोलता" म्हणून गळ्यात पडावं, याचं काय करायचं!

खरं दुखणं वेगळंच होतं. नवरा गेल्यापासून कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर बाई आणि शौनक अशी दोघंच राहत होती, आणि ते तसंच राहावं एवढीच बाईंची इच्छा होती. शौनकच्या अभ्यासाचा विषय होता मध्ययुगातली रानं. कोणत्या राजाने कुठलं रान राखलं, किल्ल्याच्या पायथ्याची झाडी कोणी तोडायची आणि कोणी नाही, तिकडे इंग्लंडात राजाचं हरीण मारणाऱ्याचं काय करत, असलं सगळं. या रानांच्या जोरावर त्याला इंग्लंडातल्या एका विद्यापीठाने तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. तो नुसतं "बघू" म्हणत होता. सृष्टीच्या कंपनीचं तिकडे ऑफिस होतं आणि तिला तिथे पाठवायचं चाललं होतं. बाईंनी दोन्ही गोष्टी जोडल्या. ही पोरगी माझ्या मुलाला उचलून नेणार. हे लग्न झालं तर शौनक गेला, आणि मोडलं तर राहिला. यापलीकडे विचार करायची त्यांना गरज वाटली नाही.

लग्न मोडायचं तर ते कोणी, हा प्रश्नच नव्हता. शौनकने जन्मात कधी वाईटपणा घेतला नव्हता. शाळेत एखाद्याला सायकल द्यायची नसली की "आई नको म्हणते" असं सांगायचा. सहलीला जायचं नसलं की आईला ताप यायचा. पोळ्यावाल्या बाईंना काढायचं ठरवलं त्याने, सांगितलं आईने, आणि जाताना त्या बाई शौनकलाच आशीर्वाद देऊन गेल्या. लोक म्हणत, मुलगा किती गोड आहे आणि आई किती खाष्ट. सुशीलाबाईंना त्याचं वाईट वाटत नसे. मुलगा गोड राहावा म्हणून आईने थोडं कडू व्हायचं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत सृष्टी गावी न जाता इथेच राहिली, आणि एका दुपारी मोबाइल नाचवत आली.

"काकू, हे बघा ना! एका इंग्लिश बाईने डिझाइन केलंय. मध्ययुगातल्या रानावरून टोपी!"

सुशीलाबाईंनी चष्मा लावला. टोपी खरोखर देखणी होती. डोक्यालगत बसणारी, शेवाळी रंगाची. झाडाच्या सालीवर असतात तशा उभ्या रेघा विणीतूनच उठवलेल्या होत्या, त्यांच्यामध्ये कुठे पानाची कड, कुठे गाठ. बोट फिरवावंसं वाटेल अशी. बाई स्वतः क्रोशात पटाईत होत्या. चांगलं काम पाहिलं की त्यांना ओळखू येई, आणि रागही येई.

"शौनकचं डिसेंबरात लेक्चर आहे ना शनिवार पेठेत, त्या दिवशी देणार त्याला. सरप्राइज. मी यूट्यूबवरून बेसिक शिकली, पण हे अवघड वाटून राहिलं. तुम्ही सांगाल ना?" आणि मग मोबाइल ठेवता ठेवता ती म्हणाली, "तिकडे गेलंच तर थंडी पण खूप असते, म्हणतात."

त्या शेवटच्या वाक्यावर बाईंनी तिचं भवितव्य ठरवून टाकलं. कसं, ते मात्र त्यांना अजून माहीत नव्हतं. ते सृष्टीनेच दोन दिवसांनी आणून हातात दिलं.

क्रोशात मुख्य टाके दोन. एक मुका खांब, बुटका, दबून बसणारा. दुसरा नुसता खांब, त्याच्या दुप्पट उंच. आता गंमत अशी की अमेरिकेतल्या बायका 'डबल' म्हणतात तो खांब, आणि इंग्लंडातल्या बायका 'डबल' म्हणतात तो मुका खांब. शब्द एकच, टाका वेगळा. सृष्टी शिकली होती अमेरिकन बायकांचे व्हिडिओ बघून, आणि टोपी होती इंग्लंडची. सुशीलाबाईंना हा घोळ लग्नाच्या आधीपासून ठाऊक होता. अप्पा बळवंत चौकात पदपथावर मिळणाऱ्या जुन्या इंग्रजी पुस्तिकांवरून त्या शिकलेल्या. नंतर एका अमेरिकन मासिकाने त्यांच्या टेबलक्लॉथचा पार चोळामोळा केला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"काकू, यात सगळीकडे डबल, डबल लिहिलंय. डबल म्हणजे खांबच ना?"

सुशीलाबाई मेथी निवडत होत्या. 'नाही' एवढा एकच शब्द पुरेसा होता. पुढचं सगळं टळलं असतं. त्यांनी एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

"खांबच."

"मग झालं तर."

हे खोटं बोलणं नव्हे, असं बाईंनी स्वतःला त्यानंतर पुष्कळदा सांगितलं. आपण काही बोललोच नाही. मुका खांब कोणता ते त्या पोरीला कळलं नाही, आणि तो स्वतः काही बोलून दाखवत नाही.

टोपी टाळूपासून सुरू करतात. पहिल्यांदा एक चकती होते, दर फेरीला थोडे टाके वाढवत ती पसरवायची आणि मग कानाकडे उतरायचं. किती टाके वाढवायचे हे त्या इंग्लिश बाईने बुटक्या टाक्यांच्या मापाने लिहिलं होतं. उंच टाक्यांना तेवढी वाढ पुरत नाही. चकती पसरत नाही, वर चढायला लागते. घेर बरोबर येतो, पण टोपीला शेंडा फुटतो. सुशीलाबाईंना हा शेंडा पहिल्या ओळीपासून दिसत होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी सृष्टीलाही दिसला.

"काकू, हे टोकदार होऊन राहिलं. फोटोत तर गोल आहे."

"मध्ययुगातल्या टोप्या टोकदारच असायच्या."

"हो?"

"मग! शौनकला विचार."

"त्याला कसं विचारू, सरप्राइज आहे ना!" ती म्हणाली, आणि बाईंना ते माहीतच होतं.

"धुतल्यावर बसते लोकर. फोटो धुतल्यानंतर काढलाय."

तरी पोरीला काहीतरी खटकत होतं. एकदा तिने सगळं उसवलं. क्रोशाचं सगळं काम एका टोकाला अडकलेलं असतं. टोक ओढलं की महिन्याचं काम मिनिटात जातं. ती ओढत होती आणि समोर बसून सुशीलाबाई त्या लोकरीचा गुंडा करत होत्या, अगदी नीट, न ताणता. "तुझा हात घट्ट आहे, बाकी काही नाही," त्या म्हणाल्या. "सैल हाताने पुन्हा कर." सृष्टीने पुन्हा केलं. पुन्हा खांबच घातले. या खेपेला शेंडा आणखी उंच झाला.

ती ऑफिसातून थेट यायची, हेल्मेट कोपऱ्यात ठेवून सुई घेऊन बसायची. डोळे लाल झालेले असत. बोटाला सुई टोचून टोचून घट्टा पडला होता. विणता विणता बोलायची. आई लहानपणीच गेली, बाबांनी वाढवलं, ते बँकेत होते, त्यांना पोळ्या गोल येतात पण शिवणटिपण काही येत नाही. "लग्नानंतर मी तुम्हाला रोज त्रास देणार काकू, बघाच. इथून हलणारच नाही." बाईंनी तिच्याकडे पाहिलं. काय सफाईने खोटं बोलते कार्टी, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी तिला चहा दिला.

एकदा शौनक लवकर घरी आला. सृष्टी यायची होती, अर्धी टोपी आणि छापून काढलेले कागद टेबलावर तसेच होते. बाई स्वयंपाकघरातून बाहेर येतात तो हा टोपी एका हातात, कागद दुसऱ्या हातात घेऊन उभा. त्याने दोन्ही जागच्या जागी ठेवलं. "मी काही पाहिलं नाही हं," तो गोड हसत म्हणाला आणि आंघोळीला गेला. किती समंजस मुलगा आहे, असं बाईंना वाटलं.

लेक्चर रविवारी सकाळी होतं. शनिवार पेठेतलं सभागृह भरलं होतं. इतिहासाला पुण्यात गर्दी होते, त्यातून रविवार आणि वर चहा. पहिल्या रांगेत सृष्टीचे वडील बद्रीनाथ बसले होते. लग्नाची तारीख पक्की करायला म्हणून रात्रभर बसने आलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. जे कळतंय आणि जे कळत नाही त्या सगळ्याला ते मान डोलवत होते. सुशीलाबाईंनी आयोजकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की शाल-श्रीफळाच्या वेळी शाल नको, आमच्या होणाऱ्या सूनबाईंनी स्वतःच्या हाताने काहीतरी केलंय, ते सगळ्यांसमोर देऊ द्या. सृष्टी लाजून नको नको म्हणत होती. "अगं, एवढी मेहनत केलीस ती खोलीत बसून द्यायला का?" बाई म्हणाल्या होत्या.

शौनक छान बोलला. मग सृष्टी मंचावर गेली. तिने साडी नेसली होती. ती माइकवर म्हणाली, "ही टोपी मध्ययुगीन रानावरून केली आहे. मी स्वतः केली. काकूंनी शिकवलं." पिशवीतून टोपी काढून तिने ती दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली.

टोपी त्याच्या डोक्यावर वीतभर उंच उभी राहिली. सालीच्या त्या उठावदार रेघांनी लोकर ताठ झाली होती, शेंडा जरासुद्धा कलला नाही. मग मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा स्पष्ट, सानुनासिक आवाज आला, "लग्नाआधीच टोपी घातली की हो!"

सभागृहात हशा पिकला. माणसं एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारून हसायला लागली. सृष्टीही आधी हसली, सगळे हसतायत म्हणून.

शौनकला टोपी काढता आली असती. काढून तो हातात धरता, दोन शब्द बरे बोलता, तर लोक टाळ्या वाजवून चहाला गेले असते. तो माइककडे वाकला.

"मंडळी, राजाच्या रानात चोरून शिकार करणाऱ्याला नेमकी काय शिक्षा होत असे, यावर विद्वानांत मतभेद होते. आज ते मिटले."

हशा छतापर्यंत गेला. सृष्टीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते कसं काढायचं हे तिला कळत नव्हतं. तिने खाली सुशीलाबाईंकडे पाहिलं. माइक चालूच होता.

"काकू, सांगा ना. टोकदारच असायच्या ना? तुम्हीच म्हणाल्या होत्या."

सगळ्या माना वळल्या. सुशीलाबाई पदर सावरत म्हणाल्या, "मी कशी म्हणेन गं? इतिहास माझ्या मुलाचा विषय. मला काय त्यातलं कळतंय?"

तेव्हा सृष्टीला लागलं. आजवर मारलेले सगळे टोमणे जणू एकदम लागले. तिचं तोंड उघडं राहिलं आणि डोळे भरून आले, आणि सुशीलाबाईंना जे वाटलं ते समाधान होतं, दुसरं काही नाही.

बद्रीनाथ उठले. सावकाश मंचाच्या पायऱ्या चढले, शौनकच्या डोक्यावरून टोपी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. नीट, दोन्ही कानांपर्यंत ओढून.

"माझ्या पोरीनं केली आहे," ते माइकशिवायच म्हणाले. "मला बरोबर येऊन राहिली."

त्यांनी मुलीचा हात धरला आणि तो उंच शेंडा घेऊन, मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत ते बाहेर गेले. मागे कोणीतरी एकटंच हसलं आणि थांबलं.

घरी पोचतात तोच बद्रीनाथांचा फोन आला. ही सोयरीक आता नको, एवढंच बोलले. सुशीलाबाईंनी फोनवर "अहो, पोरंच ती, एवढं काय मनावर घ्यायचं" असं म्हणायचं म्हणून म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी शौनकला आवडते तशी चिंचगुळाची आमटी केली, बटाट्याच्या काचऱ्या केल्या, भातावर तूप जरा जास्तच घातलं. कित्येक महिन्यांनी त्यांच्या हाताला हलकं वाटत होतं. मुलगा राहिला होता.

"वाईट झालं," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "पण मला वाटतच होतं. पोरगी वेंधळी."

"वेंधळी नाही गं," शौनक भात कालवत म्हणाला. "डबल म्हणजे खांब असं वाटलं तिला. त्या कागदावर वरतीच लिहिलं होतं, टाके इंग्लंडच्या पद्धतीने म्हणून."

बाईंचा हात पातेल्यावरच थांबला. "तुला कळलं होतं?"

"तेव्हाच. एवढं आईकडून शिकलोय की. लहानपणी तुझ्या लोकरीत लोळूनच मोठा झालो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस. म्हटलं, आईचं काहीतरी चाललंय, आपण कशाला मध्ये पडा."

सुशीलाबाईंना आधी हसू आलं. आपलाच मुलगा, असं वाटून ऊर भरून आला. "म्हणजे तुलाही नको होती ती! अरे मग आधी सांगायचंस, मी इतके दिवस..."

"नको कशी? चांगली होती," तो म्हणाला. "फारच चांगली होती, तोच तर त्रास. तिला कंपनी तिकडे पाठवत होती, तर ही त्यांना नाही म्हणून आली. का, तर काकू एकट्या कशा राहतील. मी म्हटलं, आईचं मी बघतो. ऐकेना. जायचं तर काकूंना घेऊन जायचं, नाहीतर कोणीच नाही जायचं, म्हणे. आईला टाकून जाणाऱ्या माणसाशी मला लग्न नाही करायचं, असं तोंडावर बोलली. आता अशा मुलीला मी कुठल्या कारणाने नाही म्हणणार? लोक काय म्हणाले असते मला?" त्याने एक काचरी तोंडात टाकली. "तू बरोबर केलंस. मला जमलं नसतं."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. इथून हलणारच नाही, असं म्हणत समोर बसून बोटं सोलून घेणारी ती पोरगी खोटं बोलत नव्हती. या घरात त्यांच्या बाजूने एकच माणूस उभं होतं, आणि त्याला त्यांनी मन लावून, दीड महिना खपून, गावासमोर उभं करून हाकलून दिलं होतं.

"जानेवारीत रुजू व्हायचंय," शौनक सांगत होता. "त्यांना होकार कळवला आत्ता, येताना रिक्षातूनच. फ्लॅट भाड्याने देऊ. तुझ्यासाठी तळेगावच्या बाजूला एक जागा बघून ठेवलीये. झाडं आहेत, डॉक्टर येतात, जेवण साधं पण बरं असतं. तुझ्या वयाच्या बायका आहेत पुष्कळ."

"कधी बघितलीस?"

"झाले की आता दोन-तीन महिने."

"मी नाही जायची," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी सृष्टीला फोन करते. तिला सांगते, मीच..."

"कर ना," तो शांतपणे म्हणाला. "काय सांगशील पण?"

बाईंनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. सांगण्यासारखं जे होतं ते ऐकल्यावर कोणतीही पोरगी पुन्हा या दारात आली नसती.

"आणि आई," शौनकने आवाज अगदी मऊ केला. लहानपणी सायकल द्यायची नसली की करायचा तसाच. "मामाला, मावशीला, सोसायटीत वगैरे तू स्वतःच सांग हं, की तुझीच इच्छा आहे तिकडे राहायची. मला इथे नको वाटतं, असं काहीतरी म्हण. माझ्या तोंडून ते बरं नाही दिसणार."

त्याने रिकामी वाटी पुढे केली. सुशीलाबाई उठल्या, "सांगते" म्हणाल्या, आणि त्याला आमटी वाढली.